परक्या पंक्तीतील पान

परमुलुखात बदली झालेल्या आपल्या मंडळींचे सामान उतरताना एकदा लक्षपूर्वक पाहावे. बदलीच्या हुकुमाची प्रत, मुलांचे शाळेचे दाखले आणि देव्हाऱ्यातले टाक यांच्याबरोबर गोडा मसाला, मेतकूट, आमसुले, थालिपिठाची भाजणी आणि पोह्यांची पिशवी अशी शिदोरी त्यातून निघते. येथवर हरकत घेण्याचे कारण नाही. माणूस घर सोडतो तेव्हा घरची चव बरोबर नेतोच. नेऊ नये असे म्हणणारा एक तर विरक्त असावा, नाही तर त्याच्या घरी स्वयंपाक बरा होत नसावा. हरकत पुढे आहे. वर्ष उलटते, शिदोरी संपते, तिच्या जागी पुण्याहून पार्सल येऊ लागते, आणि पार्सलाला चार दिवस उशीर झाला की कचेरीच्या व्हरांड्यात आपले बंधू उद्गारतात, "काय करावे साहेब, येथे खाण्यासारखे काही मिळतच नाही!"

हे वाक्य मी कुंभकोणमात ऐकले आहे. ज्या गावाच्या एका अंगाने कावेरी व दुसऱ्या अंगाने अरसलार वाहते, जो मुलूख तामिळ देशाचे धान्याचे कोठार म्हणून पिढ्यान्‌पिढ्या ओळखला जातो, जेथील नागवेलीच्या पानाला 2025 साली भौगोलिक मानांकन मिळाले, तेथे म्हणे खाण्यासारखे काही नाही. पहाटे पाचाच्या सुमारास येथे पितळी दवऱ्यात फेसाळ कॉफी मिळते. ती दवऱ्यातून पेल्यात व पेल्यातून दवऱ्यात ओतून निववण्यात जी दोन-तीन मिनिटे जातात, तेवढी निवांत मिनिटे आमच्या कचेरीच्या दिवसात पुन्हा येत नाहीत. सकाळी इडलीबरोबर 'कडप्पा' नावाचा एक पातळ पदार्थ वाढतात. मुगाची डाळ, बटाटा, वाटलेले ओले खोबरे, हिरवी मिरची व बडीशेप यांचा तो मेळ असतो आणि कुंभकोणम-तंजावरच्या टापूबाहेर तो फारसा आढळत नाही. दुपारी केळीच्या पानावर केळफूल असते, केळीच्या खोडातला गाभा असतो, उन्हात वाळवलेल्या रानफळांचे आंबटजहाल वत्तकुळंबू असते, रसम असते, आणि शेवटी दहीभाताशेजारी ताकात मुरवून वाळवलेली व तळलेली मिरची असते. तिला हे लोक 'मोर मिळगाय' म्हणतात. आपण तिला सांडगी मिरची म्हणतो आणि ती पुण्याहून पार्सलाने मागवतो.

कोणी म्हणेल की हा ज्याच्या त्याच्या जिभेचा प्रश्न आहे. आमटीत गूळ नसला तर एखाद्यास ती गोड लागत नाही, त्यात वादास जागा कोठे? जागा आहे, आणि ती पुष्कळ आहे. माझा आक्षेप जिभेवर नाही, हातावर आहे. ज्यास परक्याच्या हातचे घेता येत नाही, त्यास परक्याच्या हातावर काही ठेवताही येत नाही, असा माझा अनुभव आहे, आणि ह्या लेखाचा सारा रोख तेवढ्यावरच आहे.

आपल्या इतिहासात हा प्रश्न एकदा उघड उघड विचारला गेला होता. 1890 साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये एका व्याख्यानास गेलेल्या मंडळींपुढे चहा-बिस्किटे ठेवण्यात आली. मंडळींत रानडे होते, टिळक होते, गोखले होते. ह्या चहाचा बोभाटा झाला, ग्रामण्य माजले, प्रकरण शंकराचार्यांच्या चौकशीपर्यंत गेले व प्रायश्चित्तांची चर्चा कित्येक महिने चालली. आज आपण ते वाचून हसतो. परंतु त्या वेळच्या लोकांनी निदान आपला प्रश्न त्याच्या खऱ्या नावाने विचारला होता : कोणाच्या हातचे घेतलेत? आपण शास्त्र सोडले, सोवळे सोडले, आणि तीच जुनी आढी 'चव' ह्या निरुपद्रवी शब्दाखाली जपून ठेवली. शेजारच्या मामींनी पाठविलेली वाटी झाकून ठेवायची, संध्याकाळी मोलकरणीस देऊन टाकायची, आणि विचारले तर 'आम्हांस आंबट सोसत नाही' असे म्हणायचे. सोसत नाही हे खरेही असेल. पण वाटी उघडून पाहिली होती काय?

वाढलेले नाकारले गेले म्हणजे वाढणाऱ्यास काय होते, ह्याचे एक उदाहरण ह्याच गावचे आहे. येथील सारंगपाणी सन्निधी वीथीतील एका लहानशा घरात श्रीनिवास रामानुजन वाढला. ते घर आज स्मारक म्हणून जपलेले आहे. 1914 साली तो केंब्रिजला गेला, आणि शाकाहाराच्या कडक नेमामुळे स्वतःच्या खोलीत स्वतः रांधून जेवू लागला. आपल्या पक्षाची मंडळी येथे मला अडवतील : 'पाहा, एवढ्या थोर गणितज्ञालाही परक्यांचे अन्न रुचले नाही!' अवश्य पाहा, पण पुढेही पाहा. त्याने एकदा काही हिंदी पाहुण्यांना खोलीवर जेवावयास बोलावले व स्वतःच्या हाताने रांधून वाढले. आग्रहाने तो पुनःपुन्हा वाढू लागला तेव्हा पंक्तीतील स्त्रियांनी आता पुरे म्हटले. यजमान खोलीतून नाहीसा झाला. पाहुण्यांनी वाट पाहिली, खाली जाऊन विचारपूस केली, तेव्हा कळले की तो भाड्याची गाडी करून निघून गेला आहे. काही दिवसांनी तो परतला. ऑक्सफर्डला गेला होता. मी वाढलेले त्यांनी घेतले नाही, एवढेच त्याचे दुःख होते. हा स्वभावाचा अतिरेक झाला हे मला मान्य आहे. तथापि ज्या गावात हा मुलगा वाढला त्या गावात वाढपी आजही दुसऱ्यांदा नकार ऐकला की क्षणभर थांबतो व तुमच्या तोंडाकडे पाहतो, हे मी येथे राहून पाहिले आहे.

'आपली संस्कृती टिकविली पाहिजे' हा दुसरा मोठा आधार. ह्याचे उत्तर शोधण्यास येथून चाळीस किलोमीटरांवरील तंजावरास जावे. व्यंकोजीराजांनी 1676 च्या सुमारास तेथे गादी स्थापिली आणि 1855 पर्यंत ती भोसल्यांकडे राहिली. त्यांच्याबरोबर आलेल्या कुटुंबांचे वंशज तंजावरात आहेत, कुंभकोणमात आहेत. साडेतीनशे वर्षांनंतरही कित्येकांच्या घरी मराठी बोलतात. ती आपल्या कानाला जुनी व थोडी वाकडी लागते, पण मराठीच आहे. ह्या लोकांनी काय खाल्ले? चिंच खाल्ली, तांदूळ खाल्ला, खोबरे खाल्ले, आणि आपले वांगे, आपले पीठ त्यात मिसळले. आज तामिळ घरांत 'रसवांगी' होते, 'पिट्लै' होते, उडदाच्या पिठाची 'डांगर पच्चडी' होते. ही नावे मोठ्याने उच्चारून पाहावीत. भाषांतराची गरज पडणार नाही. पुण्याहून पार्सल मागवून कोणाही समाजाने आपला एक शब्द परक्याच्या स्वयंपाकघरात असा रुजविला आहे काय?

सांबाराची कथा तर आपल्या प्रत्येक मेळाव्यात सांगितली जाते. तंजावरच्या दरबारी संभाजीराजे पाहुणे आले, त्यांच्या नावावरून 'सांबार'! ह्यास विश्वसनीय कागदोपत्री आधार नाही, आणि असता तरी आपल्या मंडळींच्या तोंडी ती शोभली नसती. कारण जे सांबाराचे जनकत्व सांगतात तेच त्याची वाटी अर्धी टाकून उठतात. पण कथा म्हणून घेतली तरी ती काय सांगते, हेही आपण ऐकत नाही. मुदपाकखान्यात आमसुले संपली होती, कोणीतरी सुचविले की ह्या मुलखाची चिंच घालून पाहावी, घातली. कथेचा नायक संभाजीराजे नव्हेत, चिंच आहे. आमसुलांच्या पार्सलाची वाट पाहत राजवाडा बसला असता तर सांगण्यासारखी कथाच उरली नसती.

त्याच दरबाराने खाण्याकडे किती जिज्ञासेने पाहिले हेही लक्षात घ्यावे. समर्थ रामदासांचा स्नेही असलेला रघुनाथ गणेश नवहस्त हा महाराष्ट्रीय पंडित व्यंकोजीराजांची राणी दीपाबाई हिच्या आश्रयास तंजावरास आला; अन्नपदार्थ व त्यांचे गुणदोष यांवर त्याने 'भोजनकुतूहल' नावाचा संस्कृत ग्रंथ रचला. कुतूहल! हा एक शब्द आपण आपल्या सामानात बांधून आणला असता तर बाकीच्या बरण्यांवर मी अक्षरही लिहिले नसते.

आता देण्याविषयी. आपल्या एका मंडळाच्या गणेशोत्सवातील महाप्रसाद मी पाहिला. शहराचे व मंडळाचे नाव सांगत नाही. ज्यांनी ओळखायचे ते ओळखतील. सभागृह भाड्याचे, आचारी खास सोलापूरकडचा, मसालेभात व जिलबी उत्तम. प्रवेशाला कूपन होते. सभागृहाचा रखवालदार, तामिळ माणूस, पन्नाशीच्या पुढचा, तीन दिवस आमच्या चपला व गाड्या सांभाळीत होता. पंगती उठल्यावर तो दाराशी आला तेव्हा एका कार्यकर्त्याने त्याला विचारले, "कूपन?" त्याला शब्द कळला, अर्थ कळला नाही. तो हसला आणि परत गेला. त्याच व्यासपीठावर अर्ध्या तासानंतर अन्नदानाच्या देणगीदारांची नावे वाचून दाखविण्यात आली व टाळ्या झाल्या. उरलेला मसालेभात डब्यांतून आपापल्या घरी गेला.

ह्या मंडळींना मी एक जुना कागद वाचावयास सांगेन. 1799 च्या तहाने राज्य इंग्रजांकडे गेल्यावर सरफोजीराजांनी 1801 साली रेसिडेंटास पत्र लिहिले व आपल्या घराण्याची अन्नछत्रे आपल्याकडेच राहू द्यावीत अशी मागणी केली. बहुतेक छत्रे रामेश्वराच्या वाटेवर, राजस्त्रियांच्या नावांनी बांधलेली. राजांनी त्यात छत्रांच्या कारभाराचे वर्णन केले आहे : ब्राह्मणापासून अंत्यजापर्यंत येईल त्या वाटसरूस अन्न मिळे, शिजलेले ज्यास चालत नसे त्यास शिधा मिळे, आजाऱ्यास वैद्य, तान्ह्या मुलांस दूध, गर्भवतीस आसरा, पोरक्या मुलांस शिक्षण. वाढणे मध्यरात्रीपर्यंत चाले, आणि मग घंटा वाजवून पुकारा करीत की ज्याचे जेवण राहिले असेल त्याने यावे. पुढच्याच वर्षी, 1802 मध्ये, तंजावरच्या दक्षिणेस ओरतनाडू येथे मुक्तांबाळ छत्र उभे राहिले. त्याची वास्तू अद्याप आहे. छत्रांत पंक्तिभेद नव्हता असे मी म्हणणार नाही. शिजलेले कोणास व कोरडे कोणास, ह्यातच तो दिसतो. पण राज्य गेले असता ज्या राजाने प्रथम अन्नछत्रे मागितली, त्याच्या नावाने आपण तंजावरास सहली काढतो, बृहदीश्वराच्या भिंतीवरील मराठी शिलालेखासमोर छायाचित्रे घेतो, आणि परत येऊन कूपने छापतो.

पंक्तिभेदाचा विषय निघालाच आहे तर तिरुविशनल्लूरची कथाही सांगितली पाहिजे. हे गाव कुंभकोणमापासून सात-आठ किलोमीटरांवर आहे. व्यंकोजींचे पुत्र शहाजीराजे यांनी 1693 साली ते शेहेचाळीस पंडितांना इनाम दिले. त्या पंडितांच्या मेळ्यात श्रीधर अय्यावाळ गणले जातात. त्यांच्या घरी श्राद्ध होते. अन्न तयार होते, ब्राह्मण यावयाचे होते, आणि दाराशी एक भुकेला अस्पृश्य आला. अय्यावाळांनी श्राद्धाचे अन्न त्याला वाढले. गावाने बहिष्कार घातला. गंगास्नान करून आल्याखेरीज शुद्धी नाही असे ठरले. मग त्यांच्या घरच्या विहिरीतच गंगा उफाळून आली, असे सांगतात. विहिरीत गंगा आली की नाही हे ज्याने त्याने ठरवावे. पण कार्तिकी अमावास्येला त्या विहिरीवर आजही लोकांची रीघ लागते, आणि ते सारे लोक ज्या कृत्याच्या स्मरणार्थ ओले होतात ते कृत्य एका माणसाला वेळेवर जेवू घालण्याचे होते. ज्यांनी बहिष्कार घातला त्यांची नावे मला तरी कोणी सांगितली नाहीत.

आपल्या अधिकारी वर्गाचा एक खास बचाव आहे. 'आम्ही सरकारी नोकर. लोकांकडचे खाणेपिणे आम्हांस नियमाने वर्ज्य.' हे ऐकून मला हसू आवरत नाही, कारण फायली उलटणे हाच माझा धंदा आहे. केंद्रीय नागरी सेवा (आचरण) नियम, 1964 यांतील तेरावा नियम काढून पाहावा. प्रासंगिक जेवण वा अन्य सामाजिक आदरातिथ्य हे 'भेट' समजले जाणार नाही, असे त्याच्या टिपेतच म्हटले आहे. टाळावयाचे आहे ते ज्यांच्याशी कचेरीचे काम पडते त्यांच्याकडील डामडौलाचे आदरातिथ्य. शेजारणीच्या कोळंब्याची वाटी डामडौलात मोडते असे अद्याप कोणत्याही लेखापरीक्षकाने म्हटलेले नाही. आश्चर्य असे की, ज्यांना ही वाटी नियमबाह्य वाटते, त्यांतील काहींना कंत्राटदाराकडच्या लग्नातील मेजवानी वाटत नाही.

'तीन वर्षे काढायची आहेत, कशाला गुंतायचे?' हे त्याहून प्रामाणिक म्हणणे आहे, म्हणून त्याचा मला अधिक राग येतो. तीस-पस्तीस वर्षांच्या नोकरीत अशा तीन-तीन वर्षांखेरीज दुसरे असते काय? पाटण्यात तीन, शिलाँगात तीन, येथे तीन, सर्वत्र 'काढायची'. निवृत्त होऊन पुण्यास परतल्यावर हा मनुष्य भारतभर हिंडल्याचे सांगतो, आणि त्याने सर्वत्र एकच पिठले खाल्लेले असते.

देणे हे कितीतरी साधे असते आणि ह्या गावात ते किती सहज घडते! पहाटे घराघरांपुढे कोलम काढतात ते तांदळाच्या पिठाचे. मुंग्यांनी खावे म्हणून. आपण जेवण्यापूर्वी कावळ्याला भाताचा घास ठेवतात, आपल्याकडे श्राद्धापुरता उरलेला काकबळी येथे रोजचा आहे. नवरात्रात बाहुल्यांचा कोलू मांडतात, आणि पाहावयास येईल त्या प्रत्येकीस रोज निराळ्या कडधान्याचे सुंडल, विडा व कुंकू देतात. आपल्या चैत्रातील हळदीकुंकवाची ही सख्खी बहीण. परंतु आपल्या वसाहतीतील बायका आपसांत वाण लुटतात आणि समोरच्या घरी जात नाहीत. पोंगल व संक्रांत एकाच सुमारास येतात. तिळगुळाची वाटी समोरच्या दारी नेण्यास तामिळ यावे लागत नाही. मी नेली तेव्हा मामींनी तीळ पाहून प्रथम थोडे कपाळ आक्रसले, कारण तीळ ह्या भागात पितृकार्याशी जोडलेले. मग मी सांगितले की आमच्याकडे हा गोड बोलण्याचा सण. त्यांनी एक वडी तोंडात टाकली, वाटी धुतली, तीत चक्करै पोंगल घालून परत दिली आणि विचारले, "इतके कडक करता, म्हाताऱ्यांनी काय करायचे?" त्यावर गुळाच्या पाकासंबंधी अर्धा तास बोलणे झाले. तेवढे तामिळ मला कोणत्याही पुस्तकाने शिकविले नव्हते.

आणि ज्यांना हे सारे हळवेपण वाटते त्यांनी ह्या प्रांताच्या सरकारकडे पाहावे. कामराजांनी 1956 मध्ये शाळेतील दुपारच्या जेवणाची योजना सुरू केली, रामचंद्रन यांनी 1982 मध्ये ती वाढविली, 2013 मध्ये निघालेल्या उपाहारगृहांत इडली एक रुपयास मिळू लागली, आणि 2022 पासून सरकारी प्राथमिक शाळांत मुलांना सकाळची न्याहारीही मिळू लागली. पक्ष बदलले, एकमेकांचे हाडवैरी गादीवर आले. मुलांच्या ताटाला हात लावण्याची कोणाची छाती झाली नाही. येथे भेटल्याबरोबर 'साप्टींगळा', म्हणजे जेवलात का, असे विचारतात. हा निव्वळ उपचार नाही. उत्तर 'नाही' आले तर पुढची तजवीज करावी लागते.

तामिळ महाकाव्य 'मणिमेखलै' यात अमुदसुरभी नावाचे एक अक्षय पात्र आहे. ते महाकाव्य 1898 साली संपादून छापणारे उ. वे. स्वामिनाथ अय्यर ह्याच कुंभकोणमच्या कॉलेजात शिकवीत असत. मणिमेखलैला ते पात्र बेटावर मिळते, भुकेल्यांना ते कधी उणे पडत नाही. पण प्रथम त्यात आदिरै नावाच्या गृहिणीच्या हातची भिक्षा पडावी लागते. अक्षय पात्रसुद्धा आधी कोणापुढे तरी धरावे लागते, हे सात्तनार कवीला ज्या सहजतेने कळले ते आपल्या मंडळांच्या कार्यकारिणीस ठरावानेही कळेल असे मला वाटत नाही. तरी ठराव मांडतोच : यंदाच्या उत्सवात कूपन रद्द करावे, पहिली पंगत सभागृहाच्या नोकरांची व आसपासच्या घरांची असावी, आणि एक दिवस तरी स्वयंपाक स्थानिक आचाऱ्याकडून, स्थानिक पदार्थांचा करून घ्यावा. खर्च वाढेल अशी ओरड होईल. खजिनदारांनी सोलापूरच्या आचाऱ्याचे भाडेतोडे एकदा पुन्हा मोजावे.

ह्या बाजूस नव्याने बदलून येणाऱ्यांसाठी दोन-तीन व्यावहारिक गोष्टी सांगून लेखणी ठेवतो. पंक्तीत 'कोंजम' म्हणजे थोडे, 'पोदुम' म्हणजे पुरे. दुसरा शब्द लवकर वापरू नये. रसम द्रोणात मिळेल अशी वाट पाहू नये, भाताचे आळे करून त्यात घ्यावे. जेवण झाले की केळीचे पान मिटावयाचे असते, आणि ते आपल्या बाजूस मिटावे. पलीकडे मिटण्याची रीत अशुभ प्रसंगाची आहे, आणि वाढणाऱ्यांचे तिकडे लक्ष असते.